मान न वळवणारे डोंगरेजी

डोंगरेजी डेपोच्या फाटकाकडे पाठ करून बसत. फाटकातून कोणती बस कधी आत आली आणि कधी बाहेर गेली ते रजिस्टरात लिहिणं हे त्यांचं काम. या कामासाठी माणसाने फाटकाकडे तोंड करून बसावं, ही अपेक्षा काही फार मोठी नाही. पण अकरा वर्षांत त्यांनी एकदाही मान वळवली नाही. गाडी अजून कोपऱ्यावर असायची आणि यांचं लिहून झालेलं असायचं: नऊ नंबर, आत, चार वाजून दहा.

मी हे कौतुकाने सांगत नाहीये. त्या माणसाने एकदा, फक्त एकदा मान वळवली असती, तर त्या डेपोचं सगळं काम आजही माझ्याकडे असतं.

इंदूरच्या पोलोग्राउंडला माझं वर्कशॉप आहे. बस-ट्रकचे गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करतो. महूहून रिकाम्या हाताने आलो, दुसऱ्याच्या शेडमध्ये जमिनीवर बसून रॉकेलमध्ये पार्ट धुतले, मग स्वतःची शेड टाकली. मला कोणी काही फुकट दिलं नाही आणि मीही कोणाला काही सोडलं नाही. भाव करताना माझा आवाज चढतो असं लोक म्हणतात. चढतो. न चढवता आजवर कोणी काही दिलंय का?

तर त्या बस. शहरातल्या त्या लांब, डिझेलवाल्या, ऑटोमॅटिक बस. ड्रायव्हरला क्लच नाही, गिअरचा दांडा नाही. गाडी आपली आपण गिअर बदलते आणि दर वेळी पोटातून एक बारकासा हुंकार देते. थांबायची वेळ आली की ब्रेकच्या आधी रिटार्डर लागतो. म्हणजे गिअरबॉक्समधलं तेलच चाकांना मागे ओढून धरतं आणि ब्रेक न झिजता गाडी हळू होते. तेव्हाचा आवाज इंदूरमधल्या प्रत्येक माणसाने ऐकलेला आहे, फक्त त्याला नाव ठाऊक नाही. जाड, लांब, खाली खाली उतरत जाणारा आवाज. एखादा म्हातारा खुर्चीत टेकताना काढतो तसा. तुम्हा-आम्हाला सगळ्या बसचा सारखाच वाटतो. डोंगरेजींना नाही.

त्यांच्या हिशेबी नऊ नंबर दुसऱ्या गिअरच्या आधी घसा साफ करायची. एकतीस नंबर माहेरी निघालेल्या बाईसारखी, सगळे गिअर घाईघाईने टाकायची. आणि सतरा नंबर थांबता थांबता सुस्कारा संपवताना सूर जरासा वर उचलायची, कोणाला काही विचारल्यासारखी. हे सगळं ते एखाद्या घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलत. "बाविसाला सर्दी झालीय" अशी चिठ्ठी फोरमनला पाठवत. फोरमन चिठ्ठीत तंबाखू बांधून ठेवी आणि आठ दिवसांनी बाविसाच्या गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं की ती माझ्याकडे पाठवी. म्हणजे या माणसाचं कोणी ऐकलं नाही म्हणून माझा धंदा चालत होता, हेही खरं.

सुट्टीच्या दिवशी माणूस घरी झोपतो. डोंगरेजी बसमधून फिरत. मागची शेवटची सीट धरायची, चपला काढून तळवे गाडीच्या फरशीला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. देवळात बसल्यासारखे. कंडक्टर पोरं त्यांना "महाराज" म्हणायची आणि तिकीट फाडायला विसरायची. ते मात्र न चुकता पैसे पुढे करायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि तिथून परत. कुठे उतरायचं नाही, कोणाला भेटायचं नाही.

बोलण्यात त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. तुम्ही काहीही सांगा, महागाई सांगा, मुलाचं लग्न सांगा, ते शांतपणे मान डोलावून इंदुरी लहेज्यात म्हणायचे, "तुमचं राहू द्या भिया, गाडी काय म्हणते ते बघा." लोकांना यात मोठा अर्थ दिसायचा. नवे ड्रायव्हर तर पाया पडायचे. मला त्यात अर्थबिर्थ दिसला नाही. मला वाटायचं, माणूस शिष्ट आहे.

आता माझी तक्रार. तेविसाचा गिअरबॉक्स माझ्याकडे दुरुस्तीला आला. पार्ट बाहेरून यायचे होते, ते येईनात. बस चालवणाऱ्या ठेकेदाराचा मॅनेजर सकाळ-संध्याकाळ डोक्यावर बसलेला. त्याच सुमारास सतरा नंबर नाक फोडून घेऊन डेपोच्या मागच्या आवारात विटांवर उभी होती. विमावाला येऊन बघेपर्यंत ती हलणार नव्हती आणि तिच्या पोटात चांगला, तंदुरुस्त गिअरबॉक्स उगाच पडून होता. मी फोरमनशी बोललो. एका दुपारी सतराचा गिअरबॉक्स काढून तेविसाला लावला आणि दुरुस्ती झाली म्हणून बिल दिलं. पार्ट आले की मी तेविसाचा खरा गिअरबॉक्स करून परत अदलाबदल करणारच होतो. या लाइनीत हे सगळे करतात. कोणाचं नुकसान नाही, गाडी रस्त्यावर, लोक वेळेवर ऑफिसात.

चौथ्या दिवशी मॅनेजर रजिस्टर घेऊन डोंगरेजींच्या खोलीत गेला. त्याला कळेना की जी सतरा नंबर नाक फुटून विटांवर उभी आहे ती रोज सहा फेऱ्या कशी मारतेय, आणि तेवीस, जिचं रोजचं डिझेल लागतंय, ती फाटकातून एकदाही का गेली नाही. डोंगरेजी म्हणाले, सतरा आली म्हणून सतरा लिहिली. मॅनेजरने त्यांना हाताला धरून मागच्या आवारात नेलं आणि विटांवरची सतरा दाखवली. तिथेही हा माणूस ऐकेना. म्हणाला, "हे तिचं शरीर असेल. ती बाहेर फिरतेय."

मॅनेजर हसला, मग घरी गेला, आणि रात्रभर काय विचार केला कोण जाणे, सकाळी तेविसाला खड्ड्यावर घेऊन खालून गिअरबॉक्सवरचा नंबर वाचायला लावला. सतराचा गिअरबॉक्स सतराला परत लावायचं ठरलं आणि दुपारपर्यंत माझं काम गेलं. फोरमनचीही बदली झाली, पण त्याला महिना पगार तरी होता.

डोंगरेजींनी माझी चुगली केली असती तर मला इतका राग आला नसता. चुगलखोराशी कसं वागायचं मला माहीत आहे. पण त्यांनी काहीच केलं नव्हतं. नुसती मान वळवली असती तर पाटीवर मोठ्या अक्षरात तेवीस दिसलं असतं, त्यांनी तेवीस लिहिलं असतं, आणि जगात सगळं नीट चाललं असतं.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या खोलीत जाऊन जे तोंडाला येईल ते बोललो. पंधरा मिनिटं बोललो. ते माझ्याकडे बघत राहिले, चेहऱ्यावर असं समाधान की जणू मी त्यांचा सत्कार करतोय. शेवटी त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि चहा मागवला. मी चहा न पिता निघालो. पण राग काही उतरला नाही, म्हणून पुन्हा गेलो. पुढे सवयच झाली. त्या रस्त्याने जाताना स्कूटर थांबवायची, आत जाऊन चार शिव्या द्यायच्या आणि पुढे जायचं. ते दर वेळी स्टूल देत. एकदा मी महिनाभर गेलो नाही तर त्यांनी निरोप पाठवला की पवारजींना म्हणावं, बऱ्याच दिवसांत आला नाहीत. अशा माणसाचं काय करायचं?

मग विजेच्या बस आल्या. दुधाच्या पातेल्यावरून मांजर जावं तशा बिनआवाजी. डेपोत पडद्यावर गाडीची वेळ आपोआप उमटायला लागली आणि डोंगरेजींना घरी बसवलं. डिझेलच्या बस एकेक करून रस्त्यावरून काढल्या आणि शहराबाहेरच्या एका मैदानात विकायला उभ्या केल्या. कोणी सीटसाठी घेणार, कोणी पत्र्यासाठी. मला गिअरबॉक्स हवे होते. असे गिअरबॉक्स अजून दुसऱ्या शहरांत चालतात, आणि चांगला मिळाला तर त्याला मागणी आहे. प्रश्न एवढाच की पन्नास गाड्यांत चांगला कोणता? मैदानात गाडी चालू करून शंभर पावलं चालवून बघायला देत होते. शंभर पावलांत गिअरबॉक्सची नाडी कळणारा माणूस इंदुरात एकच होता.

पाच वर्षं ज्याला शिव्या दिल्या त्याच्या दारात काम घेऊन जाणं सोपं नसतं. मी गेलो. जुनी इंदूरमध्ये एका गल्लीत दोन खोल्या, बाहेर लोखंडी जिना. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी मीनल पुण्याला. मी ओरडून काम सांगितलं. माझं सांगणं म्हणजे ओरडणंच असतं. ते लगेच शर्ट बदलायला उठले. मी विचारलं, तुम्ही काय घ्याल? ते म्हणाले, "मला त्यांना एकदा बघायचंच होतं." मी मनात म्हटलं, स्वस्तात पडलं.

स्कूटरवर मी त्यांना दोनदा बजावलं. मॅनेजर तोच आहे, तिथे तोंडाने काही बोलायचं नाही, मी हळूच विचारीन, गाडी चांगली असेल तर फक्त मान हलवायची. ते मागून म्हणाले, बरं.

मैदानात रविवारचं ऊन होतं. ओळीने उभ्या बस, अंगावर धूळ, काही काचा फुटलेल्या. डोंगरेजींनी चपला काढल्या आणि तापलेल्या मातीत अनवाणी उभे राहिले. माझ्या मेकॅनिकने पहिली गाडी चालवून दाखवली, मग दुसरी, मग तिसरी. तिसऱ्या गाडीने थांबताना तो लांब सुस्कारा टाकला. मी डोंगरेजींच्या जवळ सरकून तोंड न हलवता विचारलं, कशी आहे? ते गप्प. पुन्हा विचारलं. ते समोर बघत उभे. मॅनेजर आमच्याकडे बघत होता. मी दातओठ खात तिसऱ्यांदा विचारलं. हू की चू नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटलं, हा माणूस आयुष्यात दुसऱ्यांदा माझा घात करतोय, आणि मी ओरडलो, "अहो, घेऊ की नको?"

त्यांनी लगेच, हसून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं सांगितलं, "हीच तर सतरा. डोळे मिटून घ्या. नऊ घ्या, एकतीस घ्या. या तिघींना पंधरा वर्षं मरण नाही. बाकीच्यांकडे बघू नका."

मॅनेजरने वहीत त्या तीन नंबरांवर गोल काढला. त्यानंतर त्या तीन गाड्यांसाठी मला जे मोजावं लागलं ते मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

परत निघताना मी स्कूटरपाशी उभा राहून त्यांना जे बोललो त्यात गेल्या पाच वर्षांचं सगळं आलं. आजूबाजूचे ड्रायव्हर थांबून ऐकायला लागले. डोंगरेजींच्या चेहऱ्यावर तेच समाधान. मी म्हटलं, हसता काय?

"तुम्ही कुजबुजू नका हो, पवारजी," ते म्हणाले. "कुजबुज मला येत नाही. सात-आठ वर्षं झाली."

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी चपला घालता घालता सांगितलं, अगदी साध्या आवाजात, हवापाणी सांगावं तसं. बारीक आवाज आधी गेले. चिमण्या, घंटी, कुकरची शिट्टी. मग बायकांचे, मग बहुतेक पुरुषांचे. जाड आवाज राहिले. गाडीचा तर नुसत्या कानाने यायचा नाही, टेबलातून यायचा, जमिनीतून यायचा, बाकातून यायचा. कानाचं मशीन त्यांनी घेतलं होतं, पण ते लावून टाइमकीपरच्या खुर्चीत बसले असते तर दुसऱ्या दिवशी कामावरून काढून टाकलं असतं, म्हणून कपाटात ठेवलं. आणि आता ते लावलं तर डोक्यात नुसता पत्रा वाजतो.

"तुमचा आवाज येतो," ते म्हणाले. "शब्द थोडे सुटतात. पण येतो. खालून येतो, रिटार्डरसारखा. डेपोत बाकी कोणी असं बोलायचं नाही माझ्याशी."

मी स्कूटरला किक मारली.

त्यांना घरी सोडलं तेव्हा त्यांनी वर बोलावलं. पाणी दिलं. टेबलावर त्यांचा साधा, बटणांचा मोबाइल होता. तो थरथरायला लागला तसा टेबलावर हात ठेवून बसलेल्या डोंगरेजींनी तो उचलला आणि कानाला लावून बोलायला सुरुवात केली. मी बरा आहे, जेवण झालं, इथे ऊन फार आहे, आज जुन्या गाड्या बघून आलो, सतरा अजून छान आहे, तू नीट राहा, बरं, ठेवतो. एका दमात. आणि ठेवला.

मी समोर बसलो होतो. त्यांनी बटण दाबलं त्या क्षणापर्यंत फोनमधून एका बाईचा बारीक आवाज येत होता. ती मधेच काहीतरी सांगू बघत होती. दोनदा "बाबा, बाबा" मला इथून ऐकू आलं.

"ती बोलत होती," मी ओरडलो.

"असेल," ते म्हणाले. "तिचाच आवाज सगळ्यात आधी गेला. आईसारखा बारीक आहे. पूर्वी दर रविवारी करायची. आता महिन्यातून एकदा करते."

मी म्हटलं, तिला सांगत का नाही? त्यांनी खिडकीकडे बघितलं. म्हणाले, सांगितलं तर येईल आणि घेऊन जाईल. अकराव्या मजल्यावर राहते. एकदा आठ दिवस राहून आलो. तिथे खालून काहीच येत नाही. इथे कोपऱ्यावरून गाडी गेली की हा पेला हलायचा. मग म्हणाले, आता इथेही हलत नाही, पण तिला कशाला त्रास.

मी तापट माणूस आहे. मला कोणी मधेच तोडलेलं चालत नाही आणि त्या मुलीला दर महिन्याला तोडलं जात होतं. मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि शेवटचा नंबर परत लावला.

तिने उचलला. "आता काय राहिलं, बाबा?" आवाज थकलेला होता. मी कोण ते सांगितलं. तिला माझं नाव माहीत होतं. बाबा फोनवर सांगतात, पवारजी आले होते, फार छान बोलले. मग ती म्हणाली, "काका, ते माझं काही ऐकूनच घेत नाहीत."

डोंगरेजी माझ्याकडे बघत होते. मी आवाज खाली घेतला, इतका खाली की मी स्वतःला अनोळखी वाटलो, आणि तिला सांगितलं की ऐकून घेत नाहीत असं नाही, त्यांना ऐकू येत नाही. सात-आठ वर्षं.

मग तिने विचारलं, "दिवाळीत मी त्यांना एक सांगितलं होतं. ते त्यांनी ऐकलं का, एवढं विचाराल?" काय सांगितलं होतं, मी विचारलं. तिने सांगितलं. नवऱ्याचं घर सोडून ती एकटी राहायला लागली, त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. दिवाळीच्या दिवशी हिंमत करून तिने ते बापाला सांगितलं होतं. बाप म्हणाला होता, सतरा नंबर आजकाल चढावर फार सुंदर उठते. बरं, ठेवतो.

ही गोष्ट गल्लीला ऐकवण्यासारखी नव्हती. आणि त्यांना ओरडल्याशिवाय काही सांगता येत नाही. मी तिला फोन धरून ठेव म्हटलं, उठून दार लावलं, खिडकी लावली, डोंगरेजींच्या शेजारी बसलो आणि त्यांच्या कानाला तोंड लावून, जमेल तेवढ्या जाड आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. ती एकटी राहते. वर्ष झालं. तुम्हाला दिवाळीत सांगितलं होतं.

त्यांनी तीनही वाक्यं ऐकली. चेहऱ्यावरून कळलं. हात टेबलावर सपाट ठेवलेला होता तो तसाच राहिला.

मग त्यांनी फोन मागितला आणि कानाला लावला. मला वाटलं आता बोलतील. काही बोलले नाहीत. पलीकडून तो बारीक आवाज सुरू झाला, अडखळत, थांबत, पुन्हा सुरू होत. काय म्हणत होती ते मला नीट कळत नव्हतं, त्यांना तर त्यातलं एक अक्षर कळणं शक्य नव्हतं. मी हात पुढे केला, मी ऐकून सांगतो अशी खूण केली.

त्यांनी माझा हात बाजूला केला.

"असू द्या," ते म्हणाले. "बोलू द्या तिला."